डेडस्टॉकमधली संगणक प्रयोगशाळा : एका माध्यमिक शाळेने लिनक्स वापरले, त्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यातली, खाजगी अनुदानित, पाचवी ते दहावी. संस्थेच्या आणखी बऱ्याच शाखा आहेत आणि शिक्षकांच्या बदल्या शाखाशाखांमध्ये होत असतात. शाळेची ओळख पटू नये म्हणून गावाचे, संस्थेचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली बसवायच्या कामात मी तांत्रिक मदतीला होतो. निर्णय मात्र शाळेचे होते आणि ते कसे झाले हे जवळून पाहता आले, म्हणून हे लिहितो आहे.

शाळेत संगणक आले ते शासनाच्या आयसीटी योजनेतून. ही योजना बूट तत्त्वावर चालायची. नेमलेली एजन्सी यंत्रे बसवणार, पाच वर्षे चालवणार, शिकवायला निदेशक देणार आणि मुदत संपली की सगळे शाळेच्या हवाली करणार. निदेशक एजन्सीचा, त्यामुळे मुदत संपली की तोही जातो. शाळेकडे उरले १४ संगणक, एक यूपीएस, भिंतीवरचे वायरिंग आणि डेडस्टॉक रजिस्टरमधली नोंद.

या रजिस्टरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची यादी: बाक, कपाटे, नकाशे, संगणक. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी ताब्यात असते. पदभार देताना-घेताना मोजदाद होते, तपासणीत विचारणा होते. वस्तू निकामी झाली तर निर्लेखनासाठी, म्हणजे ती यादीतून काढण्यासाठी, ठराव, प्रस्ताव, मंजुरी असा लांबचा रस्ता आहे. मग ज्या शिक्षकाच्या ताब्यात प्रयोगशाळा, तो काय करणार? कुलूप लावणार. मुलाच्या हातून काही मोडले तर जाब आपल्याला द्यावा लागेल ही भीती खरी असते. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत संगणक आहेत आणि मुलांनी त्यांना हात लावलेला नाही. यामागे पैशांइतकेच हे रजिस्टर आहे, असे माझे मत आहे.

या शाळेतली यंत्रे कोअर टू ड्युओ आणि ड्युअल कोअर प्रोसेसरची, २ जीबी रॅमची. दोन त्याहून जुनी, ३२ बिटची. सगळ्यांवर विंडोज ७. त्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागली आणि प्रयोगशाळेचे दार बंद झाले ते झालेच. शाळा भरू लागल्यावरही ते उघडले नाही.

अडचण

२०२३ च्या जूनमध्ये गणिताच्या सरांकडे संगणकाचा तास आला. वेळापत्रकात तो तास नेहमीच होता. प्रत्यक्षात त्यात गणिताचा राहिलेला भाग पुरा होत असे. सरांनी मुख्याध्यापकांकडून किल्ली मागून घेतली आणि शिपाई मामांना बरोबर घेऊन खोली उघडली.

उंदरांनी नेटवर्कच्या दोन वायरी कुरतडल्या होत्या. यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. काही यंत्रे सुरूच होईनात, नुसता बीप-बीप आवाज. जी सुरू झाली त्यांच्यात इंटरनेट जोडले तरी एकही संकेतस्थळ उघडेना; दर वेळी जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा. तालुक्याच्या दुकानदाराने पाहून सांगितले की मदरबोर्ड गेले आहेत, नवीनच घ्या.

प्रत्यक्षात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. सीआर २०३२ नावाचा हा सेल यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख मागे, थेट यंत्र तयार झाले त्या काळात जाते. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक तारखांदरम्यानच वैध असते, म्हणून दहा-बारा वर्षे मागे असलेले यंत्र ते नाकारते. सेलची किंमत पंचवीस-तीस रुपये. बीप वाजवणाऱ्या यंत्रांची रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या आणि पुन्हा घट्ट बसवल्या, तर बहुतेक यंत्रे चालू झाली. चौदापैकी दोन मात्र खरोखर गेलेली होती.

यंत्रे चालू झाल्यावर खरी अडचण दिसली. सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटे. पेनड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट बनून जाणार, हा व्हायरस तर प्रत्येक यंत्रात. विंडोज आणि ऑफिस दोन्ही मधल्या काळात कुणीतरी 'लोड करून' दिलेले, म्हणजे परवाना नसलेले. परवान्याची अट चुकवण्यासाठी टाकलेल्या प्रोग्रॅममधूनच बरेच व्हायरस आले होते.

शाळेजवळ या कामासाठी वेगळा निधी नव्हता. वेतनेतर अनुदान येते ते वीजबिल, खडू, दुरुस्ती यात संपते. माजी विद्यार्थ्यांकडून लोकवर्गणीतून थोडे पैसे उभे राहतील एवढीच खात्री होती.

कोणते पर्याय होते

मुख्याध्यापक, गणिताचे सर, कार्यालयाचे भाऊसाहेब आणि शालेय समितीचे दोन सदस्य अशी बैठक झाली. तिथे जे बोलले गेले ते जसेच्या तसे मांडतो.

नवीन संगणक घ्यावेत, आमदार निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून. याला कुणाचाच विरोध नव्हता. प्रस्ताव पाठवायचेही ठरले. पण मंजुरी कधी येईल हे कुणाच्या हातात नव्हते आणि तोवर मुलांची वर्षे जात होती.

आहे त्याच यंत्रांवर विंडोज १० घ्यावे. त्यासाठी प्रत्येक यंत्राला परवाना आणि जास्त रॅम लागणार होती. शिवाय विंडोज १० चा आधार, म्हणजे मिळणारे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेले होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही यंत्रे त्याच्या आसपासही नव्हती. म्हणजे वर्गणीचे पैसे दोन वर्षांच्या सोयीसाठी घालवायचे.

दुकानदाराकडून पुन्हा 'लोड' करून घ्यावे. बहुतेक शाळांत हेच होते आणि या बैठकीतही ते सगळ्यांना सोपे वाटत होते. मुख्याध्यापकांनी त्याला नकार दिला. त्यांचे कारण मला फार मोलाचे वाटले. परीक्षेत कॉपी करू नका असे आपण मुलांना सांगतो आणि त्याच मुलांना चोरीच्या प्रोग्रॅमवर शिकवतो, हे त्यांना पटत नव्हते. तांत्रिक मुद्दे नंतर आले. खरा कौल तिथेच लागला.

टॅबलेट घ्यावेत. गणिताच्या सरांचे म्हणणे होते की मुलांना पडदा रोज दिसतो, कीबोर्ड दिसत नाही. घरात मोबाइल आहे, त्यावर बोट फिरवता येते. पण फाइल म्हणजे काय, ती कुठे ठेवली जाते, हे दहावीच्या मुलालाही सांगता येत नाही. टॅबलेट ही उणीव भरून काढत नाही.

शेवटचा पर्याय लिनक्सचा. त्यातही दोन वाटा होत्या. एक ताकदवान सर्व्हर घेऊन बाकीची यंत्रे नेटवर्कवरून त्याच्यावर चालवायची, एलटीएसपी पद्धतीने. किंवा प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र लिनक्स टाकायचे. पहिली वाट जुन्या यंत्रांना सोयीची दिसते. पण सर्व्हर बंद पडला की सगळा वर्ग बंद, आणि उंदरांनी नेटवर्कची काय अवस्था केली होती ते समोरच होते. म्हणून स्वतंत्र यंत्रांची वाट धरली.

केरळचा दाखला या बैठकीत निघाला. तिथे शाळांतल्या संगणक शिक्षणाचा आयटी@स्कूल प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढे काही वर्षांत तो पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या प्रोग्रॅमवर, गेला. दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा मुले लिनक्सवरच देतात. आता हे काम 'काइट' ही राज्य शासनाची कंपनी करते. तिने शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती काढली आहे. समितीचे एक सदस्य म्हणाले, "अख्खं राज्य करतंय तर आपल्याला काय अवघड आहे?" मला मात्र इथे सावध करावेसे वाटले. केरळात मागे अख्खे राज्य उभे होते: पाठ्यपुस्तके त्याच सॉफ्टवेअरवर बेतलेली, शिक्षकांची मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षणे, बिघाडाला जिल्ह्यातच मदत. आपल्या या एकट्या शाळेला त्यातले काहीच मिळणार नव्हते. केरळातून उचलण्याजोगी एक गोष्ट होती. २०१८ मध्ये तिथे 'लिटिल काइट्स' ही विद्यार्थ्यांची आयटी मंडळे सुरू झाली. प्रयोगशाळा सांभाळण्यात मुलांचाच हात लावून घ्यायचा, ही कल्पना एकट्या शाळेलाही परवडणारी होती.

निर्णयाच्या जागा

कोणते लिनक्स? त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत. त्यातले लुबंटू हलके आहे, पण त्याच्या २२.०४ आवृत्तीचा आधार तीनच वर्षांचा, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंत. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संगणक संस्थेच्या 'बॉस' लिनक्सचाही विचार झाला. तेही डेबियन या जुन्या लिनक्स आवृत्तीवरच आधारलेले आहे. डेबियन १२ नुकतेच, १० जून २०२३ ला, प्रसिद्ध झाले होते. दीर्घकालीन आधार धरला तर ते जून २०२८ पर्यंत चालणार. ३२ बिटच्या दोन यंत्रांवरही ते बसत होते, आणि हार्डवेअरचे भाग चालवायला लागणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, पहिल्यांदाच अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आले होते. शाळेत दर दोन वर्षांनी सगळे नव्याने बसवायला माणूस मिळत नाही, म्हणून सर्वांत दिखाऊ आवृत्तीपेक्षा सर्वांत जास्त टिकणारी, म्हणजे डेबियन १२, घेतली. डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची मांडणी, एलएक्सक्यूटी ही हलकी ठेवली. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, पडद्यावर चार-पाच मोठी चिन्हे; मुलांना ते लगेच सापडले.

पैसे कुठे घालायचे? लोकवर्गणीतून प्रत्येक यंत्राला लहान एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घेतली, तेव्हा ती हजार रुपयांच्या आसपास मिळत होती. रॅम वाढवायची की एसएसडी घ्यायची असा प्रश्न आला तर जुन्या यंत्रांना आधी एसएसडी, असे मी सांगेन. जुनी डीडीआर २ रॅम मिळते ती वापरलेलीच, आणि भरवसा नसतो. २ जीबीत लिबरऑफिस हे मोफत ऑफिस, चित्रकलेचा टक्सपेंट, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सहज चालतात. ब्राउझरला मात्र ती रॅम पुरत नाही. चार-पाच टॅब उघडले की यंत्र रेंगाळते. हे आधीच मान्य करून ई-बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि इतर साहित्य यंत्रांवरच उतरवून ठेवले.

विंडोज पूर्ण काढायचे का? इथे मतभेद झाला. भाऊसाहेबांचा कार्यालयातला संगणक कुणीही हलवू नये असे ठरले, आणि ते योग्यच होते. पगारबिले, यूडायस आणि सरल या शासनाच्या ऑनलाइन नोंदी ही सगळी कामे मुदतीत व्हावी लागतात. तिथे प्रयोग करायची जागा नाही. शाळेकडे अभ्यासक्रमाचा एक डिजिटल संच होता, तो फक्त विंडोजवर चालायचा. म्हणून प्रोजेक्टरचा लॅपटॉपही जसाच्या तसा राहिला. प्रयोगशाळेतल्या बारा यंत्रांवर मात्र दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी न ठेवता एकट्या लिनक्सचा निर्णय झाला. दोन्ही ठेवल्या असत्या तर सवयीने सगळे विंडोजकडेच वळले असते आणि व्हायरसचा जुना पाढा पुन्हा सुरू झाला असता.

चौथा निर्णय सर्वांत मोठा होता आणि तो संगणकाचा नव्हता. गणिताच्या सरांनी स्पष्ट सांगितले, "सर, मुलांनी यंत्र उघडावं असं मला वाटतं. पण उद्या डेडस्टॉकला कमी आलं तर माझ्या पगारातून जाईल का?" मुख्याध्यापकांनी शालेय समितीत ठराव घेतला: प्रयोगशाळा अध्यापनासाठी रोज उघडी राहील, वापरात होणारी नैसर्गिक झीज आणि बिघाड याची वैयक्तिक जबाबदारी प्रभारी शिक्षकावर राहणार नाही, आणि सुट्या भागांची वेगळी नोंदवही ठेवली जाईल. ठरावाची प्रत डेडस्टॉक रजिस्टरला टाचून ठेवली. हा कागद झाला नसता तर डेबियन बसले असते आणि कुलूपही तसेच राहिले असते.

प्रत्यक्ष काम

एक यंत्र नीट तयार केले आणि क्लोनझिलाने त्याची प्रत बाकीच्या ६४ बिट यंत्रांवर उतरवली. ही मूळ प्रत, म्हणजे डिस्कची प्रतिमा, एका बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवून ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली. मुख्य पासवर्डही तिथेच, पाकिटात बंद. सरांच्या यंत्रावर एपोप्टीस बसवले. त्यातून सगळ्यांचे पडदे दिसतात आणि आपला पडदा सगळ्यांना दाखवता येतो. शाळेचे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, म्हणून अपडेट एकाच यंत्रावर उतरवून बाकीच्यांना नेटवर्कवरून मिळतील अशी सोय केली.

आठवी-नववीतल्या दहा मुलामुलींचे संगणक मंडळ नेमले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सेल बदलायला शिकून घेतले.

सर्वांत जास्त वेळ गेला मराठीत. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या काळातल्या जुन्या फॉन्टमध्ये होत्या; युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, त्यांत नव्हती. तो फॉन्ट नसेल तर त्या उघडल्यावर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मराठीच्या बाईंनी ते पाहिले आणि त्यांचा ग्रह झाला की या यंत्रांवर मराठी चालत नाही. नवीन मजकूर टाइप करून दाखवला तर त्यांचा दुसरा आक्षेप आला: 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. आक्षेप अगदी रास्त होता. मुले पुस्तकात एक वळण पाहणार आणि पडद्यावर दुसरे, हे भाषेच्या शिक्षकाने का चालवून घ्यावे? राज्य मराठी विकास संस्थेने काढलेला यशोमुद्रा हा मुक्त परवान्याचा फॉन्ट मराठी वळणाचा आहे. तो सगळ्या यंत्रांवर टाकला आणि लिबरऑफिसमध्ये तोच ठरलेला फॉन्ट केला. त्यानंतर बाई स्वतः येऊन बसू लागल्या.

टायपिंगचा आराखडा कोणता शिकवायचा, हाही वाद झाला. तालुक्यातल्या टायपिंगच्या क्लासमध्ये टंकलेखन यंत्राच्या वळणाचा जुना कळफलक शिकवतात. पालकांना परीक्षेसाठी तोच हवा होता. मुले मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. शाळेने इनस्क्रिप्ट घेतला. तो भारतीय मानक आहे आणि लिनक्स, विंडोज, अँड्रॉइड सगळीकडे मिळतो. त्याची रचना मुलांना पटकन समजते: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या. 'शाळा' हा शब्द पाहा. 'एम' कळीवर 'स', शिफ्ट धरली की 'श'. मग 'ई' कळीवर काना. 'एन' कळीवर 'ल', शिफ्टसह 'ळ'. आणि पुन्हा काना. चार वेळा कळी दाबली की शब्द झाला. पाचवीच्या मुलांना ही जोडी सापडली की ती पुढची स्वतः शोधू लागतात: 'क'च्या कळीवर शिफ्ट धरल्यावर 'ख' येतो, 'ग'च्या कळीवर 'घ'. वर्णमाला बोटांना कळते. टायपिंगच्या परीक्षेचा कळफलक ज्यांना हवा त्यांनी तो क्लासमध्ये शिकावा असे पालकसभेत सांगितले. काही पालक नाराज राहिले.

त्याच सभेत नेहमीचा प्रश्न आला: बाहेर सगळीकडे विंडोज आहे, मग पोरांना हे शिकवून फायदा काय? सरांनी वाद घातला नाही. त्यांनी नववीच्या एका मुलाला कार्यालयातल्या विंडोजच्या संगणकावर बसवले आणि पत्र लिहून, तक्ता करून, फाइल सेव्ह करायला सांगितले. त्याला ते जमले. हे उत्तर पूर्ण आहे असे मी म्हणणार नाही. एमएस-सीआयटीच्या परीक्षेत जे विशिष्ट मेन्यू विचारले जातात ते इथे शिकून येत नाहीत, आणि नोकरीच्या जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागितलेले असते. पण चौदा वर्षांच्या मुलाला आज शिकवलेला मेन्यू तो नोकरीला लागेपर्यंत बदललेला असतो, हेही तितकेच खरे.

प्रिंटरने मात्र हरवले. कार्यालयांत सर्रास दिसणारा छोटा लेझर प्रिंटर शाळेतही होता आणि लिनक्सवर तो धड चालेना. शेवटी प्रयोगशाळेतून पीडीएफ करून भाऊसाहेबांच्या यंत्रावर छापायचे ठरले. प्रश्नपत्रिकांच्या दिवसांत भाऊसाहेबांना याचा त्रास होतो, तो आजही सुटलेला नाही.

वीज गेली की

ही गोष्ट स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. यूपीएसच्या नव्या बॅटऱ्यांचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून वीज गेली की सगळी यंत्रे धाडकन बंद. एकदा वीज आल्यावर चार यंत्रे काळ्या पडद्यावर थांबली. वर पांढऱ्या अक्षरांत काही ओळी आणि शेवटी 'इनिट-रॅम-एफएस' असे लिहिलेले. मामांनी खोलीला कुलूप लावले, कारण त्यांना वाटले यंत्रे जळाली.

यंत्र अचानक बंद पडल्याने डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहिल्या होत्या, आणि प्रणाली त्या आपणहून दुरुस्त न करता विचारत होती. 'एफएससीके' ही आज्ञा डिस्कच्या नावासह दिली की दोन मिनिटांत काम होते. सरांनी ती फळ्यावर लिहिली आणि संगणक मंडळातल्या मुलींनी उरलेली यंत्रे एकेक करून सुरू केली. त्यानंतर दोन मते पडली. दुरुस्ती आपोआप व्हावी अशी सोय सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये एका ओळीने करता येते. सरांना वाटत होते, राहू दे, मुले शिकतात. मुख्याध्यापक म्हणाले, सर रजेवर असतील त्या दिवशी दुसऱ्या शिक्षकाने काळा पडदा पाहिला तर तो वर्ग परत घेऊन जाईल. मुख्याध्यापकांचे बरोबर होते. दहा यंत्रांवर आपोआप दुरुस्ती ठेवली, दोन यंत्रे शिकण्यासाठी तशीच सोडली.

आणखी एक बदल मुलांमुळे झाला. सुरुवातीला प्रत्येक वेळी बाहेर पडल्यावर विद्यार्थ्यांचे खाते पूर्ववत होईल अशी रचना होती, म्हणजे कुणी काही बिघडवले तरी पुढच्या तासाला सगळे स्वच्छ. पण मुलांनी केलेली कामेही पुसली जात होती. सहावीतल्या एका मुलीने टक्सपेंटमध्ये दोन तास बैलपोळ्याचे चित्र रंगवले आणि पुढच्या तासाला ते नव्हते. सरांनी त्याच संध्याकाळी सरांच्या यंत्रावर प्रत्येक वर्गाचा फोल्डर करून सगळ्या यंत्रांना जोडून घेतला. आपले काम उद्याही असेल हा भरवसा नसेल तर मूल मन लावून काही करत नाही.

निष्पत्ती

पहिल्या वर्षी प्रयोगशाळा रोज उघडी राहिली. नववीच्या भूमितीत जिओजेब्रा हा आकृत्या काढायचा प्रोग्रॅम आला. बालभारतीच्या पुस्तकातल्या चौकटींत ते वापरून पाहायला सांगितलेलेच आहे, पण या शाळेत आजवर त्या चौकटी वाचून सोडून देत. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की परिकेंद्र त्रिकोणाबाहेर सरकते, हे मुलांनी स्वतः ओढून पाहिले. आठवीने पायथनच्या टर्टल या चित्र काढायच्या सोयीने रांगोळ्या काढल्या: एक चौकोन, दहा अंशांचे वळण, छत्तीस वेळा. ठोकळे जोडून प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचची लिनक्ससाठी अधिकृत डेस्कटॉप आवृत्ती नाही, आणि ब्राउझरमधून ते या यंत्रांवर जड जाते. तो भाग मनासारखा झाला नाही.

२०२४ च्या जूनमध्ये गणिताच्या सरांची दुसऱ्या शाखेत बदली झाली.

प्रभार विज्ञानाच्या शिक्षकांकडे गेला. त्यांनी लिनक्स पाहिलेले नव्हते आणि दहावीचा वर्ग त्यांच्याकडे होता. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी चांगल्या हेतूने दुकानदाराला बोलावले. त्याने तीन यंत्रांवर पुन्हा विनापरवाना विंडोज टाकून दिले. सुट्टीनंतर संगणक मंडळातल्या मुलांनी ते मुख्याध्यापकांना सांगितले. मुख्याध्यापकांनी शिक्षकांना न दुखावता विचारले की नेमके काय हवे होते. हवा होता तो अभ्यासक्रमाचा डिजिटल संच, जो विंडोजशिवाय चालत नाही. मग प्रोजेक्टरचा लॅपटॉप विज्ञानाच्या तासांना राखून ठेवला आणि कपाटातली हार्डडिस्क बाहेर काढली. मुलांनी तिन्ही यंत्रे पूर्ववत केली. मंडळातली मोठी मुले आता दहावीत होती. खाली नववीची नवी मुले आलेली होती आणि त्यांनी ते पाहून शिकून घेतले.

आज प्रयोगशाळा चालू आहे, पहिल्या वर्षीइतकी नाही. पाचवी ते सातवीचे तास नियमित होतात. वरच्या वर्गांना जिओजेब्रा आणि टायपिंग मिळते, पायथन जवळजवळ थांबले आहे. ते शिकवणारे कुणी नाही. विंडोज १० ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली तेव्हा संस्थेच्या आणखी दोन शाखांनी ही यंत्रे येऊन पाहिली.

पुन्हा करायचे झाल्यास

मराठीच्या बाईंना पहिल्या बैठकीला बोलवायला हवे. शाळेत सर्वांत जास्त टाइप होणारी गोष्ट म्हणजे मराठी प्रश्नपत्रिका. फॉन्टचा प्रश्न शेवटी न येता सुरुवातीला आला असता तर दोन-तीन शिक्षकांचा विरोध झालाच नसता. जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये बदलून देण्याचे काम यंत्रे बसवण्याआधी करावे.

प्रिंटर घेताना तो लिनक्सवर चालतो का हे आधी पाहावे. शाळा दहा वर्षांतून एकदा प्रिंटर घेते, आणि त्या एका खरेदीने पुढची दहा वर्षे ठरतात.

दोन शिक्षकांना एकदम तयार करावे, आणि शक्य असेल तर त्यातला एक बदलीच्या फेऱ्याबाहेरचा असावा. भाऊसाहेबांची बदली क्वचित होते. प्रतिमा परत टाकायचे काम त्यांना शिकवले असते तर दिवाळीतला प्रसंग टळला असता. कामाची कार्यपद्धती मराठीत, चार पानांत, चित्रांसह लिहून रजिस्टरजवळ ठेवावी. या शाळेत ती मुलांनी बदलीनंतर लिहिली.

सध्या शाळेपुढे दोन निर्णय आहेत. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आले, आणि त्याचा इन्स्टॉलर ३२ बिटच्या यंत्रांसाठी निघत नाही. त्यामुळे ती दोन यंत्रे निर्लेखनाला काढावीत, की मुलांना उघडून शिकायला ठेवावीत, यावर समितीत चर्चा चालू आहे. बाकीच्या दहा यंत्रांची मुदत जून २०२८ ची आहे. त्यांचे नवे रूप त्याआधीच्या उन्हाळी सुट्टीत करायचे ठरले असून, ते काम कुणी करायचे याची नोंद पहिल्यांदाच शाळेच्या वार्षिक नियोजनात झाली आहे.